कानाशी ५८० व्होल्ट!

एका रविवारी सकाळी नोएडाहून ताईचा फोन आला. "तू आज येच बाई. तुझा भाचा बापाशी बोलेनासा झालाय."

मी पोहोचले तेव्हा घरात चिडीचूप. भावोजी वर्तमानपत्राआड, भाचेबुवा दार लावून खोलीत, आणि जेवणाच्या टेबलावर भांडणाचे मूळ पडलेले. तांब्याचा मुलामा असलेल्या पत्र्याच्या दोन गोल चकत्या, त्यांना चाळणीसारखी भोके, आणि शेजारी वहीचा एक कागद. कागदावर आकृती आणि आकृतीत लाल शाईने लिहिलेला आकडा: ५८० व्होल्ट.

"आपल्या भिंतीतल्या सॉकेटमध्ये किती असतात? २३०," भावोजी म्हणाले. "हा पठ्ठ्या त्याच्या अडीचपट कानाला लावून गाणी ऐकणार म्हणतो. मी या घरात असेपर्यंत नाही!"

भावोजींचा धाक उगाच नव्हता. लहानपणी जुन्या टीव्हीच्या मागे हात घालून त्यांनी असा झटका खाल्ला होता की दोन दिवस दंड दुखत होता. आणि भाचा तर इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला. त्या वयात बापाने 'नाही' म्हटले की तेच करावेसे वाटते. ताईला खरी भीती हीच होती, की हा आता चोरून करील. एकट्याने, रात्री, दार लावून.

दोन चाळण्या आणि एक पापुद्रा

वाचकहो, भाच्याला करायचा होता तो इलेक्ट्रोस्टॅटिक हेडफोन. आपण नेहमी वापरतो त्या हेडफोनमध्ये लोहचुंबक असते, तारेचे वेटोळे असते आणि त्या वेटोळ्याला चिकटवलेला पडदा असतो. वेटोळे हलले की पडदा हलतो आणि आवाज येतो. इथे यातले काहीच नाही. भोके पाडलेल्या दोन चकत्या समोरासमोर, आणि त्यांच्या मधोमध प्लास्टिकचा अतिशय पातळ पापुद्रा ताणून बसवलेला. किती पातळ? माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड धरला, तर हा पापुद्रा २ ते ६ मायक्रॉनचा.

कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलण्याचा खेळ आपण सगळ्यांनी केला आहे. तेच तत्त्व इथे. पापुद्र्याला विजेचा स्थिर भार द्यायचा आणि गाण्याची वीज दोन्ही चकत्यांना उलटसुलट पोहोचवायची. एक चकती ओढते तेव्हा दुसरी ढकलते. पापुद्रा सगळाच्या सगळा एकदम हलतो, आणि तो जवळजवळ हवेइतका हलका असल्याने बारीकसारीक आवाजही जसाच्या तसा उमटतो.

कल्पना नवी नाही. याच तत्त्वावर चालणारा, पण उलट दिशेने काम करणारा, म्हणजे आवाजाची वीज करणारा कंडेन्सर मायक्रोफोन अमेरिकेत १९१६ साली ई. सी. वेंट यांनी तयार केला. इंग्लंडमध्ये पीटर वॉकर यांच्या क्वाड कंपनीचा इलेक्ट्रोस्टॅटिक लाउडस्पीकर १९५७ साली बाजारात आला, आणि जपानच्या स्टॅक्स कंपनीने १९६० च्या सुमारास हे तत्त्व कानावर आणून ठेवले. ५८० व्होल्टचा आकडाही स्टॅक्सचाच. किमती मात्र आपल्या खिशाला न झेपणाऱ्या. म्हणून तर जगभरची हौशी मंडळी ही खटपट घरीच करतात.

डर सही है, जगह ग़लत है

खरे सांगायचे तर माझे मत भावोजींच्या बाजूचे होते. पण सोसायटीत एक निवृत्त इंजिनिअर राहतात. सगळी मुले त्यांना 'अंकलजी' म्हणतात. त्यांना बोलावले. त्यांनी कागद शांतपणे पाहिला आणि भावोजींना म्हणाले, "आपका डर सही है, लेकिन जगह ग़लत है."

मग त्यांनी समजावले ते असे. कोरड्या हवेत लोकरीचा स्वेटर काढताना तडतड होते, तेव्हा काही हजार व्होल्टची ठिणगी पडत असते. तरी आपल्याला काही होत नाही, कारण तिच्यामागे साठा नसतो. माणसाला इजा करतो तो शरीरातून वाहणारा प्रवाह. पापुद्र्याला ५८० व्होल्ट जातात ते सुमारे ५० लाख ओहमच्या रेझिस्टरमधून. त्यामुळे तिथून जास्तीत जास्त प्रवाह मिळेल तो एका मिलिअँपिअरच्या आठव्या भागाइतका. तो बहुधा जाणवणारही नाही.

"म्हणजे धोका नाहीच?" भाचेबुवा उत्साहाने म्हणाले.

"धोका आहे, बेटा. इधर." अंकलजींनी बोट ठेवले ते आकृतीतल्या ॲम्प्लिफायरच्या डब्यावर.

गाण्याची वीज दोन चकत्यांना पोहोचते तीही शेकडो व्होल्टची असते, आणि तिच्यामागे एवढा मोठा रेझिस्टर नसतो. शिवाय डब्यातले मोठे कपॅसिटर स्विच बंद केल्यावरही भरलेले राहतात. प्लग काढला म्हणजे सगळे निवले असे समजून हात घालणारा माणूस जिवाला मुकू शकतो. आणि हेही लक्षात ठेवा, की घराच्या मीटरजवळ बसवलेली ईएलसीबी इथे वाचवीलच असे नाही. ट्रान्स्फॉर्मरच्या पलीकडच्या दोन तारा दोन हातांत आल्या, तर वीज जमिनीत न जाता त्या दोन तारांतच फिरते. ईएलसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

भावोजी प्रथमच वर्तमानपत्र खाली ठेवून ऐकत होते. तासाभराने तह झाला. कानावरचा भाग भाच्याने स्वतः करायचा. वीज देणारा डबा मात्र घरी करायचा नाही; कारखान्यात बनलेला, जुना का होईना, पण चालू स्थितीतला घ्यायचा आणि तो उघडायचा नाही. कानाला किंवा बोटाला कुठेही धातू लागता कामा नये. अंकलजींनी तपासल्याशिवाय प्लग लावायचा नाही. आणि घरात दुसरे माणूस जागे असल्याशिवाय कामाला बसायचे नाही.

लाजपतराय मार्केटची वारी

पुढच्या शनिवारी भाच्याबरोबर मीही निघाले. निळ्या मेट्रोने मंडी हाउस, तिथून जांभळ्या मेट्रोने लाल किल्ला. बाहेर पडले की समोरच लाजपतराय मार्केट. पुण्यात पासोड्या विठोबाजवळ किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर जे मिळते, ते सगळे इथे बोळाबोळांतून लटकलेले असते. पलीकडे भगीरथ पॅलेस, एकेकाळची बेगम समरूची हवेली आणि आताची विजेच्या सामानाची पेठ.

तांब्याचा मुलामा असलेले फायबरचे पत्रे मिळाले, जाड आवरणाची तार मिळाली, अर्ध्या मिलिमीटरची फायबरची चादरही मिळाली. पातळ पापुद्रा मात्र मिळेना. भाच्याने मायक्रॉनचा हिशेब सांगितला तेव्हा एक दुकानदार हसून म्हणाला, "बेटा, इतना पतला तो हम मिठाई पर चाँदी का वर्क लगाते हैं!" शेवटी तो बाहेरून मागवावा लागला.

भरतकामाची रिंग

मग सुरू झाले खरे काम. चकत्यांच्या प्रत्येक भोकाची कड बारीक पॉलिश कागदाने घासायची. धातूचा एक कण जरी टोकदार राहिला, तर तिथून ठिणगी उडते. नंतर पापुद्रा ताणायचा. सैल राहिला तर एखाद्या चकतीला जाऊन चिकटतो. फार ताणला तर ढोलाचा घुमारा, तबल्याचा बायाँ, सगळे खालचे स्वर हरवतात. भाच्याचे दोन पापुद्रे सुरकुतले, तिसरा फाटला. तेव्हा ताईने काही न बोलता आपली भरतकामाची रिंग आणून टेबलावर ठेवली. कापड ताणतात तसा त्यात पापुद्रा ताणला, आणि चौथा जमला.

त्यावर ग्रॅफाइटची पूड कापसाने चोळायची आणि जवळजवळ सगळी पुसून टाकायची. इथे कमीच बरे. थर दाट झाला तर भार पापुद्र्यावर इकडून तिकडे पळू लागतो आणि आवाज बिघडतो. मग दोन्ही बाजूंना अर्ध्या मिलिमीटरच्या कड्या, त्यावर चकत्या, आणि सगळे प्लास्टिकच्या वाटीत बंद.

पहिल्या दिवशी डावा कान मुका. पापुद्रा चकतीला चिकटला होता. दुसऱ्या खेपेला उजव्यातून तळणीतल्या मोहरीसारखा आवाज. उघडून पाहिले तर धुळीचा एक कण. तिसऱ्या खेपेला मात्र भाचा दहा मिनिटे हलला नाही. मग त्याने हेडफोन ताईच्या डोक्यावर चढवला. तिने नेहमीचे भजन लावायला सांगितले. ऐकता ऐकता म्हणाली, "अगं, गाणारी ओळ सुरू करण्याआधी श्वास घेते, तो ऐकू येतोय."

खरी परीक्षा धुळीची

पण असले यंत्र एकदा केले आणि संपले असे होत नाही. त्यात आपली दिल्ली! उन्हाळ्यात आंधी, दिवाळीच्या आगेमागे धूर, पावसाळ्यात दमट हवा आणि थंडीत सकाळचे धुके. धुळीचे कण या भारित पापुद्र्याकडे आपणहून ओढले जातात. म्हणून चकत्यांच्या दोन्ही बाजूंना आणखी एकेक पातळ झाकण-पापुद्रा लावावा लागतो. दमट हवेत भार झिरपून जातो आणि एका कानाचा आवाज हळूहळू बसतो. त्यावर उपाय साधा. वापर संपला की हेडफोन झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेलच्या पुड्या. केस ओले असताना तो घालायचा नाही. कानाच्या गाद्या घामाने भिजल्या तर सुकवूनच पुन्हा लावायच्या. आवाज तडतडला तर हलवाहलव न करता आधी प्लग काढायचा.

एक सूचना आईबापांसाठी. या हेडफोनचा आवाज इतका स्वच्छ असतो, की तो मोठा झाल्याचे कळतच नाही. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसांसाठी ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास अशी मर्यादा सांगितली आहे. आवाज वाढला की तास झपाट्याने कमी होतात. शेजारी बसलेल्याचे साधे बोलणे ऐकू येत नसेल, तर आवाज कमी करा, हा घरगुती नियम बरा.

तुम्ही म्हणाल, एवढा उपद्व्याप कशाला? बाजारात तयार मिळते की! मिळते. पण त्या रविवारी भावोजी 'नाही' वर अडून बसले असते, तर भाच्याने हे केलेच असते, फक्त अंकलजींशिवाय आणि बंद दाराआड. 'नाही' म्हणायला क्षण लागतो. 'हो, पण असे' म्हणायला आधी स्वतः शिकावे लागते. भावोजी साठीकडे झुकलेले, पण अंकलजींकडे बसून रेझिस्टर म्हणजे काय ते शिकले.

आता भाच्याला स्वतःचा ॲम्प्लिफायर करायचा आहे. तह झालेला नाही, बोलणी चालू आहेत. परवा मी तिथे असताना तो अंकलजींनी सरावासाठी दिलेला एक जुना रेडिओ उघडायला बसला. आतल्या खोलीतून भावोजींचा आवाज आला,

"कपॅसिटर रिकामे केलेस का? मीटर लावून बघितलंस का? थांब, मी आलो."