हजेरीपटाबाहेरची मुले

वस्तीत संध्याकाळचा अभ्यासवर्ग सुरू केला, खडू-फळा आणला, अहवाल लिहिला, की आम्हां विद्यार्थ्यांचे समाधान होते. पण मूल वाचू लागले का, हे कोण पाहतो? उत्तर प्रदेशातील जौनपूर जिल्ह्यात २००५-०६ मध्ये ‘प्रथम’ संस्थेने तयार केलेल्या स्वयंसेवकांनी शाळेबाहेर वाचनवर्ग चालविले. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो प्रभृती संशोधकांनी ते तपासले. येणारी मुले खरोखरच वाचू लागली होती; मात्र शंभरातली जेमतेम आठच येत होती! नुसत्या वर्गाकडे पाहिले असते, तर हे कधीच कळले नसते. म्हणून मित्रहो, आपल्या यंदाच्या अहवालात पटसंख्येशेजारी आणखी दोन रकाने हवेत : किती वाचू लागली आणि किती आलीच नाहीत. दुसरा रकाना भरायला मात्र दारोदार हिंडावे लागेल.