शिवाशिवीचा खेळ आणि इंग्रजी

इंग्रजी शिकायची की नाही, हा वाद आपल्यापुरता कधीच मिटलाय. सावित्रीबाईंनी १८५४ सालीच ‘काव्यफुले’त इंग्रजी शिका म्हणून बजावून ठेवलंय. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळेतसुद्धा पहिलीपासून इंग्रजी आली. प्रश्न उरतो तो कशी शिकवायची याचा. वस्तीतल्या शिकवणीत पोरं मांडी घालून ‘डोअर म्हणजे दार’ घोकतात. पाठ होतं, पण तोंडातून फुटत नाही.

कॅलिफोर्नियातल्या जेम्स ॲशर या मानसशास्त्रज्ञानं १९६० च्या दशकात साधी गोष्ट मांडली. मूल आधी ऐकतं, अंगानं उत्तर देतं, बोलतं मागाहून. ‘जम्प’ म्हणा नि उडी मारा. ‘टच द डोअर’ म्हणा नि दाराला शिवा. बोलायची सक्ती नाही. आम्हा गोदीवाल्यांना हे पटवून द्यायला नको. क्रेनखालचं ‘आरिया’ मूळचं पोर्तुगीज. कुठल्या पुस्तकात वाचलं आम्ही? हाळी ऐकली, माल खाली आला, शब्द अंगात बसला.

मग करा की सुरू! खडूनं चौकोन आखा, रंगांची नावं लिहा, लंगडी घालू द्या. दमडी लागत नाही.

पण मित्रांनो, मास्तरनं हुकूम सोडायचा नि पोरांनी ऊठबस करायची, एवढंच असेल तर त्यात नवं काय? पिढ्यान्‌पिढ्या आपण हुकुमावरच हललोय. ॲशरच्या पद्धतीत पुढं पोरंच हुकूम देतात. ती पायरी गाळू नका. सगळ्यांत बुजरी पोरगी मधे उभी करा. ती ‘सिट डाऊन’ म्हणाली की मास्तरनं खाली बसायचं.

दुसरं. आपल्याकडं शिवाशिवी नावाचा खेळ आहे, नि शिवाशिव नावाचा रोगही. शाळेत बाबासाहेब घरून आणलेल्या गोणपाटावर वेगळे बसले. नळाला हात लावायची बंदी. शिपाई नसला की पाणी नाही. म्हणून शाळेत पोरं गोल करतील तेव्हा कोण कुणाचा हात टाळतंय, ते डोळे उघडे ठेवून बघा. नि तिथंच खेळ थांबवून जाब विचारा. ‘टच’ हा शब्द आपल्या पोरांनी सगळ्या वर्गाचा हात धरूनच शिकायचा.

उड्या मारून ‘जस्टिस’ शिकवता येत नाही, ‘व्हाय’ही नाही. त्याला पुढं वाचावं लागेल, भांडावं लागेल. पण ‘व्हाय’ विचारायला आधी तोंड उघडावं लागतं. ते पहिलीतच उघडू द्या.