टोपलीसोबतच्या फोटोतला क्षयरोगी

9 सप्टेंबर 2022 रोजी 'निक्षय मित्र' योजना सुरू झाली. कंपनी, पुढारी, शेठजी, कोणीही क्षयरुग्ण 'दत्तक' घ्यावा आणि दरमहा धान्य, डाळ, तेलाची टोपली द्यावी. माणूस काय दत्तक घ्यायची वस्तू आहे? ज्या आजारामुळे पोरीचे लग्न मोडते म्हणून घरे तो लपवतात, त्याच आजाराच्या माणसाला बॅनरसमोर उभे करून फोटो काढायचा आणि व्हॉट्सअॅपवर फिरवायचा! 14 एप्रिलला किट वाटणाऱ्या आपल्या मंडळांनाही हा प्रश्न लागू आहे.

औषध मोफत मिळते, मान्य. पण ते निदान सहा महिने रोज घ्यावे लागते. एटापल्ली-भामरागडच्या मजुराला याच काळात मिरची तोडायला तेलंगणात जायचे असते, मे महिन्यात तेंदूपाने तोडायची असतात. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ताच बंद. गोळ्या चुकल्या की शेरा बसतो : रुग्ण सहकार्य करत नाही. सहकार्य नेमके कोणी केले नाही?

समाजकार्याचे खरे काम इथे आहे. मजूर निघण्याआधी त्याची नोंद तिकडच्या केंद्रात वळवणे, सोबत पुरेशा गोळ्या देणे, घरातल्या सगळ्यांची तपासणी, रेशनकार्ड, बँक खाते. पोषणाचे 500 रुपये नोव्हेंबर 2024 पासून 1000 झाले. पण ते काढायला तालुक्याला जायचे तर एसटीचे भाडे आणि बुडालेली मजुरी कोण देणार? आणि एकट्या रुग्णाला खाऊ घालून भागत नाही. झारखंडमधल्या अभ्यासाने 2023 मध्ये दाखवले की, रुग्णाच्या घरातल्या इतरांनाही पुरेसे अन्न दिले तर त्यांच्यातला नवा क्षयरोग 39 टक्क्यांनी घटतो. उपासमारीचा हा रोग आहे. पोषण आणि सार्वजनिक आरोग्य हे राज्याचे कर्तव्य आहे, असे संविधानाचे कलम 47 सांगते.

पैसा कुठून आणायचा, हे बाबासाहेबांनी मजूरमंत्री असताना दाखवले. 1944 मध्ये खाणीतून बाहेर पडणाऱ्या कोळशावर उपकर बसवून त्यांनी खाण कामगारांच्या घरांसाठी, पाण्यासाठी, दवाखान्यासाठी कल्याण निधी उभारला. मालकाच्या दयेवर सोडले नाही.

आज चंद्रपूरचा कोळसा जातो, सुरजागडचे लोखंड जाते. 2015 पासून जिल्हा खनिज प्रतिष्ठानचा निधी आहे आणि आरोग्य त्याच्या अग्रक्रमात आहे. त्यातून प्रत्येक क्षयरुग्णाच्या संपूर्ण कुटुंबाला उपचार संपेपर्यंत रेशन द्या, प्रत्येक तालुक्यात माडिया-गोंडी बोलणारे पूर्णवेळ पगारी समाजकार्यकर्ते नेमा. अनुसूचित क्षेत्रात या निधीच्या कामांना ग्रामसभेची मंजुरी लागते. तेंदूचा हंगाम संपून लोक गावात परतले की हा ठराव पहिल्या ग्रामसभेत मांडा.