पानावरचं बिऱ्हाड

उन्हाळ्याच्या सुट्टीत गोव्याला जाऊन आले असं सांगितलं, की समोरून पहिला प्रश्न येतो, "कुठल्या बीचवर?" यंदा मी सांगते, "बीचवर नाही, काजूच्या डोंगरावर." पुढचा प्रश्न, "तिथे काय?" तर फुलपाखरं! यावर जे चेहरे होतात, त्यांचेही फोटो काढून ठेवायला हवे होते.

त्याचं झालं असं. म्हापशाच्या शाळेत माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीचं माहेर पेडणे तालुक्यात, चांदेल-हणखणेच्या बाजूला. एप्रिलच्या शेवटी तिचा फोन आला. "कॅमेरा घेऊन ये. आमच्या डोंगरावरची सगळी फुलपाखरं एकदा टिपून ठेवायची आहेत." तिचं हे वेड जुनं. पराग रांगणेकरांचं 'बटरफ्लाइज ऑफ गोवा' २००७ साली आलं, तेव्हाची तिची प्रत आता पानापानाने सुटली आहे. गोव्यासारख्या चिमुकल्या राज्यात फुलपाखरांच्या सुमारे २५० जाती आहेत, हे मला तिच्याकडूनच कळलेलं. "एकदा टिपून ठेवायची" यातला "एकदा" मात्र तेव्हा माझ्या कानाला खटकला नाही.

सकाळी सात वाजता आम्ही धारगळ ओलांडलं. रस्त्याकडेचा बहावा पिवळ्या झुंबरांनी लगडला होता. मी फुलांवर कॅमेरा रोखला, तर ही म्हणते, "फुलं सोड, पानं बघ." कोवळ्या पानांभोवती फिकट पिवळसर फुलपाखरं घिरट्या घालत होती. कॉमन एमिग्रंट. मादी पानावर टेकायची, पोट वाकवायची आणि उडायची. प्रत्येक टेकण्यामागे एक अंडं.

"फुलपाखरू फुलावर जेवतं, पण त्याचं बिऱ्हाड पानावर असतं," ती म्हणाली. "आणि कुठल्याही पानावर नाही. ठरलेल्या झाडाच्याच. ते झाड गेलं की बिऱ्हाड गेलं."

हे वाक्य दिवसभर माझ्याबरोबर राहिलं.

तिच्या डोंगरावर पोचलो तेव्हा काजूचा हंगाम सरत आला होता. कातळातल्या खड्ड्यात बोंडू तुडवून रस काढण्याचं काम सुरू होतं. या रसापासून आधी हुर्राक आणि मग फेणी होते, हे गोव्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक! माझं लक्ष मात्र बाजूला टाकलेल्या चोथ्याकडे गेलं. त्यावर तपकिरी फुलपाखरं पंख पसरून बसली होती, आंबूस वासात अगदी तल्लीन. हा कॉमन बॅरन. त्याला फुलांपेक्षा सडकी फळं प्यारी. काम करणारी मावशी हसून म्हणाली, "आमच्या आदीं हींच येवन बसतात." गोव्यात फुलपाखराला पिसोळें म्हणतात. मावशींनी पिसोळ्यांना कधी हाकललं नव्हतं.

याच बॅरनच्या अळ्या आंब्याच्या आणि काजूच्या पानांवर वाढतात. मैत्रिणीने आंब्याचं एक पान दाखवलं. "दिसतंय काही?" मला काही दिसेना. पानाच्या मधल्या शिरेवर हिरवीगार अळी चिकटली होती. तिच्या पाठीवरची फिकट रेघ बरोबर शिरेवर बसलेली आणि दोन्ही बाजूंना पिसासारखे काटे. मी चार फोटो काढले. नंतर स्क्रीनवर बघताना त्यातल्या दोनांत अळी मलाच सापडेना!

फोटो काढायचे धडेही तिथेच मिळाले. फुलपाखरू थंड रक्ताचं, सकाळी पंख उघडून ऊन खाल्ल्याशिवाय त्याला नीट उडता येत नाही. म्हणून आठ ते साडेदहा ही उत्तम वेळ. आपली सावली त्याच्यावर पडू द्यायची नाही. पाऊल टाकायचं, थांबायचं, पुन्हा टाकायचं. पंख मिटलेला आणि उघडलेला असे दोन्ही फोटो घ्यायचे, कारण पुष्कळ जाती पंखांच्या खालच्या बाजूवरूनच ओळखता येतात. आणि हात अजिबात लावायचा नाही, पंखांवरचे नाजूक खवले बोटाला लागतात. यासाठी महागडा कॅमेराच हवा असं नाही. माझे त्या दिवशीचे निम्मे चांगले फोटो मोबाइलवरचे आहेत.

एका जुन्या आंब्यावर बांडगूळ माजलं होतं. "हे काढत का नाही?" मी शहाणपणाने विचारलं. तिने नुसतं वर बोट दाखवलं. शेंड्याजवळ पिवळ्या पंखांवर लाल ठिपक्यांची ओळ असलेलं फुलपाखरू तरंगत होतं. इंग्रजीत जेझबेल, मराठीत त्याचं नाव आहे हळदी-कुंकू. याची अंडी घालण्याची जागा म्हणजे बांडगूळ. ज्याला आपण झाडाचा शत्रू म्हणून तोडतो, त्याच्यावर या हळदी-कुंकवाचा संसार! "बाबा दरवर्षी बांडगूळ काढायचे," ती म्हणाली, "पण या एका झाडावरचं माझ्यासाठी ठेवायचे."

आणि मग तिने सांगितलं. बाबा जाऊन दोन वर्षं झाली. मोपाचा विमानतळ सुरू झाल्यापासून पेडण्यात जमिनींना मागणी आली आहे. डोंगराला गिऱ्हाईक आलंय, किंमतही चांगली. भावाला पैशांची खरी गरज आहे, तोही काही हौसेने विकत नाही. गोव्याच्या नागरी कायद्यात मुलीचा वाटा मुलाइतकाच, त्यामुळे तिच्या सहीशिवाय व्यवहार होणार नाही. "सही केली तर डोंगर जाईल. नाही केली तर भाऊ दुखावेल," ती म्हणाली. "म्हणून म्हटलं, एकदा सगळं टिपून ठेवू."

मला काय बोलावं सुचेना. मी पाण्याची बाटली पुढे केली.

दुपारी घरी पेज, खाराची कैरी आणि सोलकढी. जेवणानंतर परसातला कढीपत्ता बघितला. पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे दिसणारे काळे-पांढरे ठिपके. त्या कॉमन मॉरमॉनच्या लहान अळ्या. मोठी झाली की अळी हिरवी होते, आणि डिवचली तर डोक्यामागून लालसर दुबेळकी शिंगासारखा अवयव बाहेर काढून उग्र वास सोडते. इथे मला एक कबुली द्यायची आहे. गेल्या वर्षी माझ्या गॅलरीतल्या कढीपत्त्यावर अशाच अळ्या आल्या होत्या. मी नेटाने एकेक काढून टाकल्या आणि वर फवाराही मारला. "फुलपाखरं आमच्याकडे येतच नाहीत हो," असं म्हणणाऱ्यांत मीही होते!

या मॉरमॉनची गंमत ऐका. नर काळा, पांढऱ्या ठिपक्यांचा. मादी मात्र तीन रूपांत येते. एक नरासारखी, बाकी दोन वेगवेगळ्या 'रोज' जातींसारख्या. त्या रोज जाती विषारी वेलीवर वाढतात, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. मॉरमॉनची मादी स्वतः विषारी नाही, नुसतं सोंग घेऊन जीव वाचवते. हे सोंग डबलसेक्स नावाच्या एकाच जनुकावर चालतं, हे आपल्या कृष्णमेघ कुंटे यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ साली 'नेचर'मध्ये दाखवलं. एवढं मोठं विज्ञान कुठे घडतं, तर आपल्या फोडणीच्या पानावर!

ऊन उतरल्यावर शापोरा नदी ओलांडून डिचोली तालुक्यात आलो. मेणकुऱ्याच्या बाजूला तिच्या मामांचं कुळागर आहे. पोफळी, केळी, मिरवेली, आणि मधून वाहणारा बारीक व्हाळ. बाहेर रान करपलेलं, इथे सावली आणि ओल. व्हाळाकाठच्या ओल्या मातीवर निळ्या-हिरव्या पट्ट्यांची वीस-पंचवीस फुलपाखरं दाटीने बसून पाणी शोषत होती. ब्लूबॉटल आणि जे. या मैफलीत बहुतेक सगळे नरच. मातीतले क्षार गोळा करायचे आणि मीलनाच्या वेळी ते मादीला द्यायचे, म्हणजे एक प्रकारचा आहेरच. आम्ही दोघी चिखलात पालथ्या पडलो. मामी काठावरून म्हणाल्या, "लहानपणीही अशाच लोळायच्यात, फक्त तेव्हा कपडे मी धुवायचे."

परतायच्या आधी राणी पाकोळी आली. काळ्या मखमलीवर निळी झळाळी, तळहाताएवढी. हीच ब्लू मॉरमॉन, २०१५ पासून महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. एकदा घिरटी घालून केळीच्या मागे गेली. माझा फोटो हलला, तिच्याकडे तर कॅमेराच नव्हता. आम्ही नुसत्या बघत राहिलो.

रात्री ओसरीवर यादी केली. २७ जाती. प्रत्येक नावासमोर तिने त्याच्या अळीचं झाड लिहिलं: काजू, आंबा, बांडगूळ, बहावा, लिंबू, कढीपत्ता, बोर, रुई. यादी करता करता ती थांबली. "बघ ना, यातलं काहीच मुद्दाम लावलेलं अभयारण्य नाही. बाबांनी जे तोडलं नाही, ते आहे हे."

आठवड्याने तिचा फोन आला. फोटो आणि ती यादी तिने भावाला दाखवली. भांडण झालं नाही, निर्णयही झाला नाही. भावाची दहावीतली मुलगी मात्र यादी घेऊन डोंगरावर गेली आणि अठ्ठाविसावं नाव लिहून आली. "पुढच्या काजूपर्यंत थांबूया," भाऊ म्हणाला. पैशांची सोय तोवर कशी करायची, यावर आता दोघं मिळून हिशेब करताहेत. पुढे काय होईल, मला माहीत नाही. पण सही अजून झालेली नाही.

मी मात्र माझ्यापुरतं ठरवलं आहे. कढीपत्त्याच्या दोन फांद्या आमच्या, बाकीचं झाड अळ्यांचं. तुमच्यापैकी कुणाच्या सोसायटीत खोटा अशोक असेल, गॅलरीत लिंबू असेल, तर या सुट्टीत मुलांना घेऊन पानांच्या खालची बाजू बघा. काही सापडलं तर काढून टाकू नका. फोटो काढा आणि मला पाठवा. नाव शोधायला माझी मैत्रीण तयार आहे, तिच्याकडे ते सुटलेल्या पानांचं पुस्तक आहे.