खालाची कंबर आणि बांगडी

गेल्या रमजाननंतर आमच्या खालाने जाहीर केलं की हातातली एक बांगडी मोडायची. मशीन घ्यायचं होतं, 28 हजारांचं. गल्लीच्या तोंडाशी मायक्रोकरंट उपचाराचं सेंटर निघालं होतं. पहिले 10 दिवस मोफत. जोहरची नमाज झाली की बायका तिथे जायच्या, कंबरेला चिकटपट्ट्या लावून अर्धा तास पडून राहायच्या. खालाची कंबर 12 वर्षांपासून दुखते. रुकूतून उठताना भिंत धरावी लागते. 10 दिवसांत तिला बरं वाटलं, हे खोटं नाही. पण तिथल्या माणसाने तिला सांगितलं होतं की तुमचा कणा वाकडा आहे, डावा पाय अर्धा इंच आखूड आहे, करंटने दोन्ही सरळ होतील.

म्हणून आम्ही सोबत गेलो. खालाला झोपवून त्याने दोन्ही टाचा धरल्या. एक टाच वर दिसली. मशीन लावलं, पुन्हा टाचा धरल्या, आता बरोबर! घरी येऊन आम्ही शिवणकामाची टेप काढली. पायाची लांबी टाचेवरून मोजत नाहीत. कंबरेच्या पुढच्या हाडापासून घोट्याच्या आतल्या हाडापर्यंत मोजतात. दोन्ही पाय सारखेच भरले. झोपलेल्या माणसाची कंबर जराशी तिरकी असली किंवा एक टाच जास्त ओढली, की पाय लहानमोठे दिसतात.

विजेने दुखणं शमवण्याची कल्पना मात्र जुनी आहे. रोमचा वैद्य स्क्रिबोनियस लार्गस डोकेदुखीवर जिवंत वीजमासा कपाळाला लावायला सांगे. हल्ली फिजिओथेरपीत ‘टेन्स’ वापरतात. त्याचा करंट मिलीअँपियरमध्ये असतो, मुंग्या येतात. मायक्रोकरंट त्याहून कितीतरी कमी, एक हजार मायक्रोअँपियरच्या आत. बहुधा जाणवतही नाही. माहितीपत्रकात पेशींची ताकद पाच पटीने वाढते असं छापलं होतं. असा प्रयोग 1982 साली झाला खरा, पण तो उंदराच्या कातडीवर. माणसांवरचे अभ्यास लहान आहेत. काहींना दुखण्यात थोडा आराम मिळाला, एवढंच त्यांतून निघतं.

हाड सरळ होण्याची गोष्ट वेगळी. कणा बाजूला वाकलेल्या मुलींवर याहून जोरदार करंट देऊन पाहिला गेला आहे, पाठीचे स्नायू आकसतील इतका. 1995 साली त्या अभ्यासाचा निकाल आला: पट्टा बांधलेल्या मुलींचा बाक वाढण्याचं प्रमाण कमी होतं, करंट दिलेल्या आणि काहीच न केलेल्या मुलींत फरक नव्हता. जो करंट जाणवतही नाही, तो साठीतल्या बाईचा कणा काय सरळ करणार?

सरकारी दवाखान्यात खालाचा एक्स-रे काढला. खालच्या मणक्यांची वयापरत्वे झीज, बाक नाही. डॉक्टरांनी तीन व्यायाम दिले, रोज चालायला सांगितलं आणि त्रास होईल तेव्हा नमाज खुर्चीवर पढा म्हणाले. शरियतची सवलत खालाला ठाऊक होतीच, पण शेजारणी काय म्हणतील ही धास्ती! हे दुखणं निम्म्या घरांत आहे.

एवढं मात्र ध्यानात ठेवा. हृदयात पेसमेकर असेल किंवा पोटात बाळ असेल, तर डॉक्टरांना न विचारता असलं कुठलंही मशीन लावू नका. कंबरदुखीबरोबर पाय बधिर झाले, लघवीवर ताबा राहिला नाही, ताप आला किंवा वजन उतरत गेलं, तर सेंटरवर वेळ घालवू नका, थेट दवाखाना गाठा.

बांगडी हातातच आहे. खाला अजून म्हणते, “मशीनने बरं वाटायचं रे बाबा.” वाटत असेल. त्या अर्ध्या तासात तिला कुणी चहा टाक म्हणत नव्हतं. आता असरनंतर अर्धा तास सून खोलीचं दार लावून घेते, खाला चटईवर व्यायाम करते आणि नातू आकडे मोजतो. तो सातानंतर थेट दहावर उडी मारतो, आणि खाला त्याला टोकत नाही.