उसना सूर

वाचकहो, या पानावर आजवर मीं बहुधा ग्रंथांविषयीं, शब्दांच्या व्युत्पत्तीविषयीं आणि घरांतील जुन्या चालीरीतींविषयीं लिहिलें. आजचा विषय पाहून कांहीं वडीलधारी मंडळी म्हणतील, मास्तरांना साठी उलटल्यावर हें काय सुचलें! विषय आहे इंग्लंडांतील 'दि ऑर्ब' नांवाचें वादकमंडळ, त्याच्या ध्वनिमुद्रिका, आणि त्यानें दुसऱ्यांच्या गाण्यांना दिलेलीं नवीं रूपें, ज्यांना हल्लीं घरोघरचीं मुलें 'रीमिक्स' म्हणतात. या मंडळाचें संगीत नृत्याच्या ठेक्यावर बसविलेलें असतें खरें, परंतु तें नाचण्यापेक्षां स्वस्थ पडून ऐकण्यास अधिक योग्य. अशा संगीताला तिकडे 'अँबियंट', म्हणजे आसमंतांत पसरून राहणारें, असें म्हणतात.

या विषयाकडे मी आपण होऊन गेलों नाहीं. घरांतील एका तंट्यानें मला तिकडे नेलें. आमचे वडील जाऊन तीस वर्षें होऊन गेलीं. १९८४ सालीं दादांनीं, म्हणजे माझ्या थोरल्या बंधूंनीं, त्यांचें बोलणें फितीवर उतरवून घेतलें होतें. आपल्या लहानपणच्या कोंकणांतील पावसाचें वर्णन बाबा त्यांत करतात. दादांच्या धाकट्या मुलानें ती फीत कोणास न विचारतां आपल्या यंत्रांत घेतली, त्यांतील चारदोन वाक्यें निवडून तीं फिरफिरून येतील अशीं गुंफलीं, आणि त्यांच्याखालीं एक मंद ठेका घातला. दादांच्या कानांवर तें पडलें मात्र, घरांत वादळ उठलें.

"बाबांच्या आवाजाखालीं ढोल वाजवतोस? हें उष्टें संगीत! दुसऱ्याच्या पानांतलें उचलायचें आणि आपलें म्हणून वाढायचें!" असें दादा म्हणाले. मुलगा म्हणाला, "सगळ्या जगांत हें चाललें आहे, आणि करणारे थोर कलावंत आहेत." त्या दिवसापासून पितापुत्रांचें बोलणें बंद झालें. पंगतींत शेजारीं बसून निरोप मात्र वहिनींच्या मार्फत जाऊं लागले. अखेर निवाडा माझ्याकडे आला, कारण घरांत रिकामा माणूस मीच. मीं म्हटलें, आधीं पुरावा वाचूं, मग निकाल देऊं. पुतण्यानें आपल्या बाजूचा साक्षीदार म्हणून 'दि ऑर्ब' उभें केलें. श्रावण-भाद्रपद हे दोन महिने मीं तें ऐकत होतों.

या मंडळाची स्थापना १९८८ सालीं लंडनमध्यें अ‍ॅलेक्स पॅटरसन आणि जिमी कॉटी या दोघांनीं केली. पॅटरसन हा मूळचा वादक नव्हे. 'किलिंग जोक' या वाद्यवृंदाचें सामान वाहण्याचें व मांडण्याचें काम तो करीत असे. पुढें त्याला एका ध्वनिमुद्रिका-संस्थेंत नवे कलावंत हेरण्याचें काम मिळालें. ब्रायन ईनो यांच्या ध्वनिमुद्रिका याच संस्थेच्या. ईनो यांनीं १९७८ सालीं विमानतळासाठीं म्हणून एक संगीतसंच काढला होता. लक्ष दिलें तर रंगावें, न दिलें तर अडथळा करूं नये, अशी त्या संगीताची कल्पना. त्याहीपूर्वीं, १९१७ सालीं, फ्रान्समधील एरिक साटी यांनीं खोलींतील सामानासारखें निमूट राहणारें संगीत रचून पाहिलें होतें. तेव्हां या वेलीचें मूळ बरेंच जुनें आहे.

१९८९ मध्यें लंडनच्या चेरिंग क्रॉस स्थानकाच्या कमानींखालीं 'हेवन' नांवाच्या नृत्यगृहांत पॅटरसन व त्याचे मित्र एक वेगळी खोली सांभाळीत. मोठ्या दालनांत नाचून दमलेलीं मंडळी तेथें येऊन बसत. हे लोक एकाच वेळीं अनेक तबकड्या लावून, पक्ष्यांचे आवाज, पाण्याचे आवाज, जुन्या वादकांचे सूर एकांत एक मिसळीत. एके रात्रीं पॅटरसन स्टीव्ह हिलेज या जुन्या गिटारवादकाची १९७९ मधील तबकडी वाजवीत होता. योगायोग असा कीं, हिलेज स्वतः त्या खोलींत आले. त्यांनीं आपलेच सूर दुसऱ्याच्या मिश्रणांत ऐकले, आणि रागावण्याऐवजीं ओळख करून घेतली. पुढें ते या मंडळाच्या ध्वनिमुद्रिकांत वाजवूं लागले. ही गोष्ट वाचकांनीं ध्यानांत ठेवावी. निकालांत तिचें काम पडणार आहे.

आतां कोणत्या क्रमानें ऐकावें तें सांगतों. नवशिक्यानें 'लिटल फ्लफी क्लाउड्स' या १९९० सालच्या रचनेपासून आरंभ करावा. सुरुवातीला कोंबडा आरवतो. मग कोणी एक जण लहानपणीं पाहिलेल्या आकाशाविषयीं प्रश्न विचारतो, आणि एक स्त्री ॲरिझोना प्रांतांतील ढगांचें वर्णन करूं लागते. तिच्या बोलण्याखालीं एक गिटार अखंड झुळझुळत राहते. स्त्रीचा आवाज रिकी ली जोन्स या गायिकेचा, तोही एका मुलाखतींतून उचललेला. गिटारीचा भाग स्टीव्ह राइश यांच्या १९८७ च्या रचनेंतील, वादन पॅट मेथीनी यांचें. जुळणी तेवढी मंडळाची. तरी पुरी रचना ऐकल्यावर तिचे तुकडे वेगळे करावेसे वाटत नाहींत.

त्यानंतर 'दि ऑर्ब्स ॲडव्हेंचर्स बियाँड दि अल्ट्रावर्ल्ड' हा १९९१ चा संच घ्यावा. त्याचें ऐकणें पावणेदोन तासांहून अधिक आहे. अमेरिकेंत प्रथम त्याची काटछाट करून एकच तबकडी निघाली होती. ती न घेतां मूळ दोन तबकड्यांचा संच मिळवावा. याच्या शेवटीं जी रचना आहे, तिचें नांव आमच्या समासप्रिय पंडितांनाही दमवील इतकें लांब आहे. त्याचा अर्थ असा कीं, अल्ट्रावर्ल्डच्या केंद्रांतून राज्य करणारा, सतत वाढणारा, स्पंदणारा एक प्रचंड मेंदू! ती एकोणीस मिनिटांच्या जवळपास चालते. घरांत निजानीज झाल्यावर दिवा बारीक करून ऐकावी. मात्र मोबाइलच्या टीचभर भोंग्यावर ऐकूं नये. त्यांत खर्ज मुळीं उमटतच नाहीं, आणि या संगीताचा पाया खर्ज आहे.

तिसरी पायरी 'ब्लू रूम', १९९२. त्या वेळीं इंग्लंडांत विक्रीच्या यादींत सुटी मुद्रिका म्हणून गणली जाण्यास चाळीस मिनिटांची मर्यादा होती. या मंडळीनीं ३९ मिनिटें ५७ सेकंदांची रचना काढली! ती यादींत आठव्या क्रमांकापर्यंत चढली. दूरचित्रवाणीवर बोलावलें तेव्हां हे दोघे वाद्यें वाजविण्याऐवजीं बुद्धिबळें खेळत बसले. मला हा थिल्लरपणा वाटला. परंतु रचना थिल्लर नाहीं. जा वॉबल यांचा खर्जाचा तंतुवाद आणि हिलेज यांची गिटार तींत आहे. बडा ख्याल ऐकतांना ज्यांना घाई होत नाहीं, त्यांना येथेंही होणार नाहीं. त्याच वर्षींचा 'यू.एफ.ऑर्ब' हा संच यादींत पहिला आला.

१९९४ चा 'पॉम फ्रिट्स' आरंभीं ऐकूं नये. कान सरावल्यावर पुन्हां पाहावा. १९९५ चा 'ऑर्बस टेरारम' संथ आणि भारी आहे. त्या वर्षीं ख्रिस वेस्टन हा तरुण जोडीदार मंडळ सोडून गेला. कॉटी तर १९९० मध्येंच गेला होता. एकच तबकडी घरांत ठेवावयाची असेल, तर १९९८ चा निवडक संग्रह 'यू.एफ.ऑफ' पुरेसा आहे. टोमास फेलमान यांच्या सहवासांतील २०१५ चा 'मूनबिल्डिंग २७०३ ए.डी.' हा चार दीर्घ रचनांचा संच मला उत्तरकाळांतील सर्वांत प्रौढ वाटला. दुसऱ्यांच्या गाण्यांचे रीमिक्स ऐकावयाचे असतील, तर १९९६ मध्यें 'आँटी ऑब्रीज एक्स्कर्शन्स' या नांवानें त्यांचा संग्रह निघाला आहे.

रीमिक्स म्हणजे काय, हें आपल्या वाचकांस समजावून सांगणें कठीण नाहीं. समस्यापूर्तींत एक चरण दुसरा देतो आणि कवि बाकीचे तीन रचून त्याला असा अर्थ आणतो, कीं देणारा चकित होतो. रीमिक्सही तसाच. ही कला जमेका बेटावर वाढली. १९७० च्या सुमारास किंग टबी, ली पेरी वगैरे ध्वनिशिल्पी तयार गाण्यांतील गळा काढून घेत, ढोल आणि खर्ज तेवढे ठेवीत, आणि मध्यें मध्यें प्रतिध्वनि सोडीत. परंतु समस्यापूर्तींत एक गोष्ट आपण विसरतों. समस्या देणारा तेथें सभेंत बसलेला असतो.

या मंडळाचे सारे तंटे याच ठिकाणीं उद्भवले. प्रचंड मेंदूच्या त्या पहिल्या मुद्रिकेंत मिनी रिपर्टन या गायिकेच्या गाण्याचा तुकडा परवानगीवांचून घातला होता. ती १९७९ मध्येंच वारलेली. हक्कदारांनीं हरकत घेतली, आणि पुढच्या प्रतींत तो आवाज काढून तिच्यासारखा गळा असलेल्या दुसऱ्या स्त्रीचा आवाज घालावा लागला. उसनें परत गेलें, आणि जागा नकलेनें भरावी लागली! जोन्स यांच्या तक्रारीचा निकाल न्यायालयाबाहेर, पैसे देऊन झाला. उलट राइश यांनीं या नव्या पिढीशीं वैर धरलें नाहीं. १९९९ मध्यें त्यांच्या रचनांच्या रीमिक्सचा एक संपूर्ण संचच प्रसिद्ध झाला.

चौथी कथा झाँ-मिशेल झार या फ्रेंच संगीतकाराची. त्यांच्या एका रचनेचा रीमिक्स या मंडळाकडून मागविला गेला. यांनीं मूळ रचना इतकी मोडली, कीं झार यांनीं ती नाकारली. मग तीच 'टॉक्सिजीन' या नांवानें १९९७ मध्यें यांनीं स्वतःची म्हणून काढली, आणि ती चौथ्या क्रमांकावर गेली. येथें दोघांचेंही मला पटतें. घरधन्याला नको म्हणण्याचा हक्क आहे; आणि मोडून मोडून मूळ उरलेंच नसेल, तर कारागिराला तें आपलें म्हणण्याचा हक्क आहे.

परंतु माझा निकाल ठरला तो २०१२ च्या 'दि ऑर्बझर्व्हर इन द स्टार हाउस' या संचानें. जमेकाचे तेच ली पेरी वयाच्या पंचाहत्तरीनंतर या मंडळीबरोबर ध्वनिमुद्रणास बसले. त्यांतील 'गोल्डन क्लाउड्स' ही रचना म्हणजे त्या जुन्या ढगांच्या रचनेचेंच नवें रूप. बावीस वर्षांपूर्वीं ज्या स्त्रीचा आवाज घेतला, तिला पत्ताही नव्हता. या खेपेस ज्याचा आवाज, तो समोर बसून, हंसत, आपल्या मनानें बोलत आहे. पेरी २०२१ मध्यें निवर्तले. दोन्ही रचना मीं एकामागून एक ऐकल्या. पहिली अधिक सुंदर आहे, हें मी लपवीत नाहीं. पण दुसरी ऐकतांना मनाला टोंचणी लागत नाहीं.

अनंत चतुर्दशीच्या रात्रीं मीं दोघांना ओसरीवर बसविलें. म्हटलें, "दादा, हें उष्टें नव्हे. दुसऱ्याच्या शब्दाला आपला शब्द जोडणें हें उष्टें असेल, तर आपल्या घरांतलीं सगळीं भाष्यें आणि टीका उष्ट्या ठरतील." दादा कांहींच बोलले नाहींत. मग पुतण्याकडे वळलों. "आणि तूं! तुझी चूक संगीतांत नाहीं, न विचारण्यांत आहे. आजोबांना विचारतां येत नाहीं, कबूल. पण त्यांच्यापुढें बसून ज्यानें ती फीत भरली, तो याच घरांत तुझ्या शेजारीं जेवतो."

मुलगा बराच वेळ खालीं पाहत होता. मग म्हणाला, "बाबा, चुकलें. तुम्ही नको म्हणालांत तर पुसून टाकतों."

दादा म्हणाले, "आधीं ऐकूं तर दे. त्या दिवशीं मीं अर्धेंच ऐकलें."

यंत्र लागलें. सहासात मिनिटें वडिलांचा आवाज ओसरीभर फिरत होता. वहिनी माजघराच्या दारांत येऊन उभ्या राहिल्या. मध्यें एके ठिकाणीं बाबांना खोकल्याची उबळ येते. तीही मुलानें तशीच ठेवली होती.

"तेवढा खोकला काढून टाक," दादा म्हणाले. थोड्या वेळानें पुन्हां म्हणाले, "नको. राहूं दे."

दुसऱ्या दिवशीं पंगतींत निरोप्याचें काम वहिनींना उरलें नाहीं. ज्या घरांत अशा जुन्या फिती असतील, त्यांनीं त्या ओलींतून बाहेर काढाव्या, कोणाचा आवाज आणि कोणत्या सालचा हें वर लिहून ठेवावें, आणि मुलांच्या हातीं द्याव्या. पण मुलांनीं आधीं विचारावें.