पाण्यातली सायकल

पंधरा वर्षे अलिबागेत राहून आणि वर्गात सागरावरच्या कविता शिकवूनही मला पोहता येत नाही, ही गोष्ट माझ्या विद्यार्थ्यांना ठाऊक नाही. लाटांवर मी पाऊण तास बोलू शकतो. पाण्यात मात्र घोट्यापुढे जात नाही. लहानपणी आईने समुद्राकडे फिरकू दिले नाही आणि मोठेपणी लाज आड आली. हे गुपित आज फोडण्याचे कारण माझा भाचा.

भाचा इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. गणपतीत ताईने त्याला माझ्यापुढे उभे केले. "अरे, याला जरा समजाव. चौघे मित्र मिळून पाणबुडी बांधणार म्हणे! तीही पायांनी चालवायची. मी एक पैसा द्यायची नाही." आमच्या घरात 'समजाव' याचा अर्थ 'परावृत्त कर' असा होतो.

"मामा, आधी ऐकून तर घ्या," असे म्हणून त्याने सुरुवात केली, आणि परावृत्त करायला बसलेला मी ऐकतच राहिलो.

अमेरिकेत विद्यार्थ्यांच्या अशा पाणबुड्यांची शर्यत असते. पहिली १९८९ साली फ्लॉरिडाच्या समुद्रात झाली. १९९५ पासून ती वॉशिंग्टनजवळ कार्डेरॉक येथे, आरमाराच्या जहाजांचे नमुने तपासण्याच्या प्रचंड हौदात भरू लागली. इंग्लंडातही २०१२ पासून गॉस्पोर्टला तशीच शर्यत सुरू झाली. पाणबुडीला इंजिन नाही, बॅटरी नाही. आत आडवे पडून पायडल मारायचे, की मागचा पंखा फिरतो. काहींनी पंख्याऐवजी माशासारखे परही लावले आहेत.

"आत पाणी शिरले तर?" ताईने विचारले.

"आई, ती आधीच पाण्याने भरलेली असते!"

ताईने कपाळाला हात लावला. पण ते खरेच आहे. पाणबुड्याप्रमाणे नळकांड्यातली हवा घ्यायची आणि पाण्यातच बसून पाणी कापायचे. हातात एक कळ धरून ठेवायची. शुद्ध हरपून हात सुटला, की एक तरंगती खूण आपोआप वर येते आणि पाणबुडे धावतात.

एवढ्या खटाटोपाचा वेग किती? २००७ साली माँट्रियलच्या विद्यार्थ्यांच्या 'ओमेर ५' ने ८.०३५ नॉट गाठले. म्हणजे ताशी पंधरा किलोमीटरसुद्धा नाहीत! आमचा दूधवाला सायकलवरून याहून जोरात जातो. पण पाणी हवेच्या सुमारे आठशे पट दाट. त्यात वेग दुप्पट करायचा तर जोर आठपट लागतो. माणसाच्या पायांत तेवढा जोर कुठून यायचा? म्हणून सारी अक्कल पाणबुडीचा आकार आणि पंख्याचे पाते घडवण्यात खर्च करावी लागते.

ताईची भीती मात्र पोकळ नव्हती. अमेरिकेच्या यादवी युद्धात 'हनली' नावाची पाणबुडी माणसे हाताने दांडा फिरवून चालवीत. १८६४ च्या फेब्रुवारीत तिने शत्रूचे जहाज बुडवले आणि स्वतःही आठ माणसांसह तळाला गेली. त्याआधी चाचण्यांतही ती माणसांसकट बुडाली होती.

दुसऱ्या दिवशी भाच्याला घेऊन थळच्या किनाऱ्यावर गेलो. समोर खांदेरी. १६७९ साली महाराजांनी ती बांधायला घेतली, तेव्हा इंग्रजांच्या मोठ्या जहाजांना चुकवून वल्ह्यांच्या लहान होड्या तिथे रसद पोहोचवीत. इंजिन तेव्हाही नव्हते; मनगट होते आणि पाण्याची जाण होती. याच दुर्गाचे नाव आपल्या आरमाराने १९६८ साली एका पाणबुडीला दिले आणि २०१९ साली माझगावात बांधलेल्या दुसरीला. मी हे रंगवून सांगत होतो. शेजारी जाळे दुरुस्त करीत बसलेले ओळखीचे तांडेल सारे ऐकत होते. त्यांनी मान वर करून एकच विचारले, "पोरा, तुला पोहता येतं का?"

भाचा खाली पाहू लागला.

मला एकदम उलगडले. ताईने आईचाच कित्ता गिरवला होता! तिच्या भीतीला उत्तर म्हणून मी खांदेरीचा इतिहास जमवीत होतो आणि तांडेलांनी नेमके दुखणे धरले होते. पाण्यापासून दूर ठेवलेले मूल पाण्यापासून वाचत नाही. ते फक्त पाण्याला अनोळखी राहते. त्या शर्यतीतही पाणबुड्याचे रीतसर शिक्षण घेतल्यावाचून कोणी आत बसत नाही.

घरी येऊन ताईला म्हटले, "पाणबुडीचे पैसे देऊ नकोस. पोहायला शिकण्याचे दे."

ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "आणि तू? तू नुसता काठावर उभा राहून त्याला सांभाळणार?"

दसऱ्यापासून आम्ही मामा-भाचे रोज सकाळी तांडेलांनी दाखवलेल्या उथळ, शांत जागी उतरतो. भाचा हात मारू लागला आहे. मी छातीइतक्या पाण्यापर्यंत आलो आहे. ताई काठावर टॉवेल घेऊन बसते. पाणबुडीचा विषय तिने अजून काढलेला नाही. पण परवा पायडलला किती खर्च येतो, एवढे तिने विचारले.